चित्रांतला इतिहास आणि कलमांतला इतिहास

राज्यघटनेत आपला इतिहास आहे, पण तो फक्त चित्रांत. कलमांत पाहाल तर सगळा इंग्रजांचा 1935 चा कायदा. हे वाक्य हल्ली उज्जैनच्या फ्रीगंजात फार ऐकू येतं. यंदाच्या व्याख्यानमालेतल्या एका व्याख्यानात ते पुन्हा ऐकलं आणि सभागृहानं त्याला भरघोस टाळ्या दिल्या. वक्ते अभ्यासू आहेत, वयानं वडील आहेत, इतिहास हा त्यांचा जन्मभराचा विषय आहे. म्हणूनच गप्प बसणं बरं वाटलं नाही. एखाद्या पुढाऱ्यानं हे म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. इतिहासाच्या माणसानं म्हणावं, याचं वाईट वाटतं.

आधी त्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. घटनेची मूळ प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हातानं लिहिली आणि नंदलाल बोस व शांतिनिकेतनातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सजवली. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा बैल, गुरुकुल, बुद्ध, महावीर, अशोक, नालंदा, नटराज, अकबर, शिवाजी महाराज, झाशीची राणी, दांडीयात्रा असा तो पट आहे. त्यात विक्रमादित्याचा दरबारही आहे, म्हणून आम्हा उज्जैनकरांना त्याचं विशेष कौतुक. पण चित्रांनी एकाही कलमाचा शब्द इकडचा तिकडे केला नाही, हे खरंच आहे. ती शोभा आहे, आणि सुंदर शोभा आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. चित्रांत जो इतिहास आहे तो कलमांत नाही, म्हणून कलमांत इतिहासच नाही, असं वक्ते धरून चालतात. त्यांच्या लेखी इतिहास म्हणजे अभिमानानं दाखवायचा ठेवा. घटना लिहिणाऱ्यांनी, निदान तिचा मसुदा हातात असलेल्या माणसानं, इतिहास वाचला तो वेगळ्या कामासाठी. आपण कुठे मोडलो, कोणी मोडलं आणि पुन्हा मोडू नये म्हणून काय लिहून ठेवावं लागेल, हे शोधायला. चित्रांत आपल्याला आवडणारा इतिहास आहे. आपण विसरू पाहतो तो इतिहास कलमांत जाऊन बसला आहे. घटना परकी वाटण्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

हा माणूस म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या हाती शाळकरी वयातच कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. केळूसकरांनी शिवचरित्रही लिहिलं होतं, म्हणजे हा गृहस्थ मराठी इतिहासलेखनाच्या मुख्य रस्त्यावरचाच. पुढे 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ड्यूई आणि सेलिगमन यांची नावं आपण नेहमी घेतो, पण ज्या गुरूंचा ते कृतज्ञतेनं उल्लेख करत त्यांत जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल हे दोन इतिहासकारही होते. रॉबिन्सन यांचं ‘द न्यू हिस्टरी’ नुकतंच, 1912 मध्ये आलं होतं. राजे आणि लढाया यांच्यापुरता इतिहास पुरे झाला, आजचे प्रश्न कसे तयार झाले ते सांगणारा इतिहास हवा, असा त्याचा आग्रह. आणि हे अमेरिकेतून आलेलं खूळ होतं असंही कोणी म्हणू नये. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहून इतिहास तळाकडून वाचायची रीत मराठीत आधीच घालून दिली होती. 1946 चं शूद्रांविषयीचं पुस्तक बाबासाहेबांनी जोतीरावांनाच अर्पण केलं. 1833 ते 1921 या काळातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेचा इतिहास हा त्यांच्या प्रबंधाचाच विषय होता. केंद्रानं प्रांतांना पैसा कसा आणि किती द्यावा, हा प्रश्न त्यांना घटना समितीत पहिल्यांदा भेटला नाही.

आता 1935 च्या कायद्याचं. नकलेचा आरोप काही आजचा नाही. घटना समितीतही तो झाला होता, के. हनुमंतय्यांनी तर आम्हाला वीणा-सतारीचं संगीत हवं होतं आणि मिळाला इंग्रजी बँड, अशा अर्थाचं म्हटलं. त्याला उत्तर आधीच, 4 नोव्हेंबर 1948 ला, मसुदा मांडतानाच्या भाषणात दिलं गेलं होतं. घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचं पेटंट नसतं, एवढं सांगून बाबासाहेब थांबले नाहीत. 1935 च्या कायद्यातून घेतलेला भाग बहुतेक कारभाराच्या तपशिलाचा आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि हा तपशील घटनेत असायला नको होता असंही मान्य केलं. मग तो ठेवला कशासाठी? याचं उत्तर त्यांनी कुठून काढलं ते पाहा. जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराचा ग्रीसचा बारा खंडांचा इतिहास त्यांनी समोर ठेवला. संविधानाची नीती समाजात, नुसत्या बहुमतात नव्हे तर सगळ्या समाजात, मुरलेली असेल तरच लोकशाही शांतपणे चालते, हा ग्रोटनं अथेन्सच्या इतिहासातून काढलेला धडा. ती नीती आपल्याकडे अजून रुजवायची आहे, आणि ती नाही तोवर कारभाराचा आराखडा कायदेमंडळाच्या मर्जीवर सोडला तर घटनेचा शब्दही न बदलता तिचा आत्मा मारता येईल, म्हणून तपशील लिहून टाकला. म्हणजे इंग्रजी कायद्याचा जो भाग घेतल्याबद्दल नावं ठेवून टाळ्या घेतल्या जातात, तो घेण्याचं कारणच इतिहासाचं वाचन होतं. हे भाषण छापील आहे, सहज मिळतं. इतिहासाच्या अभ्यासकानं ते न वाचता त्याच्या उलट बोलावं याला काय म्हणायचं?

परदेशातून घेतलेल्या बाकीच्या गोष्टींचीही हीच कथा. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव 1947 मध्ये अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटन फिरून आले. अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी तिथल्या न्यायालयाचा पूर्वेतिहास लक्षात घेऊन एका शब्दप्रयोगाबाबत सावध केलं, आणि आपल्या कलम 21 मध्ये अमेरिकेऐवजी जपानच्या घटनेचा शब्दप्रयोग आला. तो निर्णय चांगला की वाईट यावर वाद घाला, मीही घालीन. पण डोळे मिटून उतरवून घेणारा माणूस असं करत नाही.

व्याख्यानात सर्वांत रंगलेला भाग होता तो गावाचा. आपली खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताकं होती, घटना त्यांच्यावर उभी करायला हवी होती, ती दिल्लीवर उभी केली, असा तो मुद्दा. ‘छोटी प्रजासत्ताकं’ हे चित्र रंगवलं कोणी? चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्यानं, 1830 च्या आपल्या टिपणात. इंग्रजांची नक्कल नको म्हणणाऱ्यांनी इंग्रजाच्याच टिपणावर स्वदेशीचा शिक्का मारावा, ही गंमत बाबासाहेबांच्याही नजरेतून सुटली नव्हती. त्यांनी सभागृहात मेटकाफचं नाव घेऊनच गावप्रेमाची झडती घेतली. राजवटी आल्या-गेल्या आणि खेडी टिकली हे खरं मानलं, तरी कोणत्या पातळीवर टिकली, हा त्यांचा सवाल होता. सभागृहात अनेकांना तो झोंबला. 22 नोव्हेंबर 1948 ला के. संतानम यांनी पंचायतींची दुरुस्ती आणली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली आणि आजचं कलम 40 जन्माला आलं. गावाच्या इतिहासाबद्दलचं भांडण सभागृहात झालं, दोन्ही बाजूंनी झालं आणि त्यातून एक कलम निघालं. इतिहास कलमांत नाही म्हणणाऱ्यांनी ही चार पानं तरी चाळावीत.

आणि गाव म्हणजे काय याचा पुरावा बाबासाहेबांनी कुठला दिला होता ते आम्हा माळव्यातल्या लोकांना तरी माहीत हवं. ‘जातिनिर्मूलन’ या 1936 च्या निबंधात त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली 4 जानेवारी 1928 ची एक बातमी घेतली आहे. गावं इंदूर संस्थानातली: कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासची आणखी पंधराएक. आज तिथे इंदूरचा बायपास आहे, कॉलन्या आहेत, आपल्यापैकी कितीकांचे नातेवाईक तिथे फ्लॅट घेऊन राहतात. त्या गावांतल्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांसकट, बलाई समाजाला नियम कळवले. जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. सवर्णांच्या घरी कोणी वारलं की नातेवाइकांना निरोप पोचवायचा, मग ते कितीही लांब राहोत. त्यांच्या लग्नात वाजवायचं, त्यांच्या बायकांची बाळंतपणं करायची. मोबदला मागायचा नाही. पटत नसेल तर गाव सोडा. बलायांनी नकार दिला. मग विहिरी बंद झाल्या, गुरांना चराई बंद झाली, शेतात जायच्या वाटा बंद झाल्या. दरबारात अर्ज गेले, वेळेवर दाद मिळाली नाही. शेकडो माणसं बायकापोरांसह धार, देवास, बागली, भोपाळ आणि ग्वाल्हेर संस्थानांत निघून गेली. ग्वाल्हेर संस्थान म्हणजे उज्जैनही त्यातच आलं.

ही बातमी समोर ठेवून कलम 23 वाचा. वेठबिगारीला बंदी घालताना तिथे इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’च लिहिली आहे, कारण ती प्रथा इथलीच होती. 1935 च्या कायद्यात या हक्काला जागा नव्हती. मूलभूत हक्कांचं प्रकरणच त्या कायद्यात नव्हतं.

‘दरबारात अर्ज गेले’ यावर थोडं थांबतो, कारण वक्त्यांनी संस्थानी न्यायाची फार वाखाणणी केली. फ्रीगंज म्हणजेच माधवनगर, माधवराव शिंद्यांच्या नावाचं. इथले सरळ रस्ते आणि मोकळे चौक यांचं श्रेय त्या काळाला द्यायला मला काहीच अडचण नाही. अहिल्याबाईंच्या न्यायबुद्धीबद्दल तर माळव्यात दुमत नाही. पण त्याच होळकरांच्या गादीवरून तुकोजीरावांना 1926 मध्ये बावला खून प्रकरणामुळे पायउतार व्हावं लागलं आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत बलायांचे अर्ज त्याच दरबारात पडून होते. चांगला राजा मिळणं हे नशीब असतं आणि नशिबावर कलम लिहिता येत नाही. 28 मे 1948 ला मध्य भारत राज्य झालं, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. घटनेत संस्थानिकांच्या तनख्यांची हमी आली. हा इतिहासही घटनेनं तडजोड म्हणून पोटात घेतला आणि 1971 च्या सव्विसाव्या दुरुस्तीनं ती हमी काढून टाकली.

मग उरतो अभिमानाचा इतिहास. तो बाबासाहेबांना नव्हता असं कोण म्हणतं? 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी प्राचीन गणराज्यं काढली, बौद्ध संघातले ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान, एकदा निकालात निघालेला विषय पुन्हा न उकरण्याचा नियम, सगळं काढलं. पण लगेच पुढचं वाक्य असं की ही लोकशाही भारतानं गमावली, आता दुसऱ्यांदा गमावणार का? राधाकृष्णन यांनीही घटना समितीत गणराज्यांची आठवण केली होती, फार सुंदर भाषेत. बाबासाहेबांनी त्याच आठवणीला प्रश्न जोडला. या प्रश्नाला आपल्याइतका जवळचा प्रदेश दुसरा नसेल. माळव्याला नाव मिळालं मालवगणापासून. मंदसोरच्या शिलालेखात, रेशीम विणणाऱ्या श्रेणीनं बांधलेल्या सूर्यमंदिराच्या लेखात, 493 हे वर्ष मालवगणाच्या गणनेनं दिलं आहे. तीच कालगणना आपण आज विक्रम संवत म्हणून सांगतो. गण गेला आणि राजा राहिला. आणि वक्ते मात्र विक्रमादित्याच्या दरबाराचं चित्र घटनेत आहे म्हणून खूश आहेत.

त्याच भाषणात फितुरीची यादी आहे: दाहिरचे लाच खाल्लेले सरदार, जयचंद, शिवाजी महाराजांविरुद्ध मोगलांकडून लढणारे मराठे आणि रजपूत, शिखांचा गुलाबसिंग, 1857. (जयचंदाची गोष्ट आजचे इतिहासकार तशी मानत नाहीत. बाबासाहेबांनी वापरलेला सगळाच इतिहास काटेकोर होता असा माझा दावा नाही.) या यादीत मी आमच्या जिल्ह्यातलं महिदपूर घालीन. 21 डिसेंबर 1817 ची होळकर-इंग्रज लढाई. आदल्या दिवशी होळकरांच्याच फौजेतल्या लोकांनी शिप्राकाठी दौलतीचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा जीव घेतला. दौलतराव शिंदे 5 नोव्हेंबरलाच इंग्रजांशी तह करून ग्वाल्हेरला स्वस्थ बसले होते. होळकरांच्याच गफूरखानानं ऐन लढाईत पाय काढला असं सांगतात. एवढं नक्की की मंदसोरच्या तहात त्याला जावरा मिळालं. तो तह 6 जानेवारी 1818 चा, त्याच साली इंग्रजांची महूची छावणी पडली आणि त्याच छावणीत 14 एप्रिल 1891 ला सुभेदार रामजींच्या घरी घटनेचा हा शिल्पकार जन्मला. देश आतून फुटतो हे त्याला पुस्तकातूनच कळायला हवं होतं असं नाही. केंद्र बळकट असावं, संकटकाळी त्याच्या हाती जास्त अधिकार असावेत, या तरतुदींमागे हे वाचन आहे, आणि डोळ्यांसमोर घडत असलेली फाळणीही. या वाचनाची किंमत आपण 1975 मध्ये मोजली, तेही नाकारत नाही. इतिहासातून काढलेला धडा चुकीच्या हातात गेला तर काय होतं, ते तेव्हा दिसलं. पण धडा होताच.

यावर एक उत्तर येतं आणि ते मी आधीच ऐकलं आहे: हा एका माणसाचा कडवट इतिहास झाला, सभागृहात बाकीचे लोक होतेच की. होते ना. मध्य भारतातून गेलेले इंदूरचे तात्या सरवटे होते, ज्यांच्या नावाच्या बसस्टँडवर आपण सगळे कधी ना कधी उतरलो आहोत. बाबासाहेबांनीच दिलेल्या आकड्यांनुसार 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. या माणसांनी 29 नोव्हेंबर 1948 ला अस्पृश्यता संपवणारं कलम महात्मा गांधींच्या जयघोषात मंजूर केलं. कडवट इतिहास होता तर तो सगळ्यांनी मिळून कबूल केलेला होता. 14 एप्रिलला टॉवर चौकातल्या पुतळ्याला हार घालायचा आणि संध्याकाळी घटना उसनी म्हणायची, ही सोय तेव्हाच्या लोकांनी स्वतःला दिली नव्हती.

शेवटी महाड, कारण तिथे प्रश्नच इतिहासाचा होता. 1923 मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. तरी 20 मार्च 1927 ला अस्पृश्यांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर काय झालं ते माहीत आहे. कमी माहीत आहे ते पुढचं दहा वर्षांचं कोर्टकाम. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं की अस्पृश्यांना या तळ्यावर बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे. अनादी म्हणजे कधीपासून, याचा पुरावा द्या, असा प्रश्न आला आणि पुरावा देता आला नाही. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयानं ती रूढी सिद्ध होत नाही असा निकाल दिला. ‘हे पूर्वापार आहे’ हा दावा तपासता येतो आणि तो खोटा ठरू शकतो, हे त्या खटल्यात प्रतिवादी असलेल्या बॅरिस्टरनं दहा वर्षं खर्चून शिकून घेतलं.

घटनेच्या कलम 13 मध्ये ‘कायदा’ या संज्ञेत रूढी आणि परिपाठ घातले गेले, म्हणजे मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी, अनादी असो की कालची, टिकणार नाही. पुन्हा कोणाला तळ्याच्या काठावर उभं राहून शतकांचा हिशेब मांडायची गरज उरली नाही. आणि कलम 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा लोकांसाठी अर्पण केलेल्या जागा असे एकेक मोजून लिहिले गेले. बोल्यांचा ठराव या यादीशेजारी ठेवून वाचला की नातं लपत नाही.

माळव्यात घोडीवर बसलेल्या दलित नवरदेवाच्या वरातीला पोलीस बंदोबस्त द्यावा लागल्याच्या बातम्या आजही येतात. 2016 च्या सिंहस्थात शिप्रेच्या घाटावर दलित साधूंबरोबर वेगळं ‘समरसता स्नान’ करावंसं वाटलं, त्यावर उलटसुलट बोललं गेलं. 2028 चा सिंहस्थ जवळ आला आहे आणि व्याख्यानमालेची पुढची तारीखही ठरेलच. वक्त्यांनी तेव्हा एवढंच सांगावं: कलम 15 मधले स्नानाचे घाट आपण ब्रिटनकडून घेतले, आयर्लंडकडून, अमेरिकेकडून की जपानकडून?